गौरी-गणपतीच्या तोंडावर 'सोमवारपर्यंत पाठवा'

गणपती बसायच्या आदल्या संध्याकाळी पीएचडीवाल्यांच्या ग्रुपवर मार्गदर्शकांचा निरोप आला: 'संपूर्ण मसुदा व सिमिलॅरिटी रिपोर्ट सोमवारपर्यंत द्यावा. मुदतवाढ नाही.' खाली लगेच अंगठ्यांची रांग. ओके सर, शुअर सर. कसलं ओके? बेळगावात घराघरांत मखराची बांधाबांध चाललेली, खानापूरकडचे लोक गाडी भरून गावाकडे निघालेले, आणि आपण अंगठे दाखवतोय.

मराठीच्या प्रबंधाला शेवटच्या टप्प्यात किती वेळ लागतो हे निरोप टाकणाऱ्यांना नक्की ठाऊक आहे. त्यांनीही हेच सोसलंय, म्हणून जास्त संताप येतो. निम्मी प्रकरणं श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये, कारण टाईप केली तेव्हा डीटीपीवाल्याकडे तेच होतं. ते फॉन्ट साम्य, म्हणजे दुसऱ्यांच्या लिखाणाशी जुळणारा मजकूर, तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला मराठी म्हणून वाचता येत नाहीत, त्याला नुसता रोमन चिन्हांचा कचरा दिसतो. म्हणजे सगळं युनिकोडमध्ये, यंत्राला मराठी म्हणून वाचता येईल अशा अक्षरांत, आणायचं. कन्व्हर्टरमधून काढलं की रफार भलत्याच अक्षरावर बसतो, 'ऱ्या' तुटतो, पहिली वेलांटी शेजारच्या अक्षराला चिकटते. मधे आलेल्या इंग्रजी नावांनाही तो मराठी समजतो आणि त्यांचं वाटोळं करतो. म्हणून आधी वर्डच्या फाइंड-रिप्लेसमध्ये फॉन्टवरून इंग्रजी मजकूर शोधून त्याला रंग द्यायचा, तेवढा बाजूला ठेवून बाकीचं बदलायचं, मग प्रत्येक पान जुन्या प्रिंटशेजारी धरून वाचायचं. दोनशे-अडीचशे पानं असतात ही. वर तळटीपा! कंट्रोल-ए मारून सगळं निवडलं तरी तळटीपा त्यात येत नाहीत, त्यांच्या चौकटीत जाऊन त्या वेगळ्या निवडाव्या लागतात. हे कुणी आधी सांगत नाही. रिपोर्ट हातात आला की कळतं.

आणि तो रिपोर्ट. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं. १० ते ४० मध्ये गेलं की सुधारून जास्तीत जास्त सहा महिन्यांत पुन्हा द्यायचं, ४० ते ६० ला पुन्हा द्यायला वर्षभर बंदी, त्याच्या वर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, नीट श्रेय दिलेली अवतरणं यातून वगळायची असतात, हेही त्याच नियमांत आहे. पण तपासणीच्या वेळी ती खूण करायला कुणाला सवड नसते. ओव्या आणि अभंग नुसते आत सरकवून छापले, अवतरणचिन्हं घातली नाहीत, तर पीडीएफमध्ये यंत्राला ते उतारे आहेत हे कळत नाही. आकडा फुगतो आणि 'कॉपी केलंय' म्हणून ऐकून घ्यायचं आपण. तेव्हा प्रत्येक ओवीला चिन्हं घाला, आणि रिपोर्ट काढणाऱ्याच्या शेजारी उभं राहून 'संदर्भसूची वगळा, अवतरणं वगळा' म्हणून सांगा. लाजू नका.

बरं, दोन दिवसांत दिलं समजा. पुढे? तोच मसुदा तीन-तीन महिने कपाटात. विचारलं की 'बघतो, परीक्षा चालल्यात, नॅकची कॉलेज-तपासणी आहे.' आयोगाच्या २०२२च्या नियमांत पीएचडीला कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सहा, पुढे पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन. कपाटात पडलेले महिने या वर्षांतूनच वजा होतात, आणि उशीर मात्र विद्यार्थ्याच्या नावावर. प्रसूतीसाठी किंवा मूल सांभाळायला मिळून २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, तेही त्याच नियमांत. किती जणींना हे नोंदणीच्या वेळी सांगितलं? विचारा आपापल्या ओळखीत. प्रकरण हातात दिलंत तरी त्याच दिवशी ईमेलही करा, आणि सहामाही प्रगती अहवालात 'मसुदा अमुक तारखेला दिला, अमुक तारखेला परत आला' असं लिहा. नाहीतर पुरावाच राहत नाही.

घरी वेगळीच तऱ्हा. खुर्चीत बसलेलं माणूस रिकामंच, अशी समजूत. 'काय लिवूलालीस गं एवढं? अजून संपलं न्हाई व्हय?' पावसाळ्यात नट्टीला, म्हणजे भाताच्या लावणीला, माणूस कमी पडलं की पहिली हाक पीएचडीवाल्याला, नोकरीवाल्याला नाही. गौरी आल्या की भाजी-भाकरीचा नैवेद्य, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहा, आणि सगळं आवरल्यावर रात्री साडेअकराला 'आता बस की लिहायला.' त्या वेळी लिहिता येत नाही हो! संदर्भसूचीतली वर्षं, पृष्ठक्रमांक, तक्त्यांचे आकडे ही कामं कुकरच्या शिट्ट्यांमध्ये होतात. युक्तिवाद होत नाही. त्याला सलग दोन तास लागतात, दार लावून. चार वेळा अर्धा-अर्धा तास दिला तर ते दोन तास होत नाहीत, कारण दर वेळी मागची तीन पानं वाचूनच पुढं सरकता येतं. उठावंच लागणार असेल तर परिच्छेद अर्धा सोडा आणि पुढचं वाक्य काय येणार ते खाली मोडक्या शब्दांत टिपून ठेवा. पण ते टिपण होईपर्यंत तरी हाका मारू नका कुणी.

छंदाचं नाव काढायची तर चोरीच. हार्मोनियमची पेटी कपाटावर गेली, आठवड्याचं भजन सुटलं. हिवाळ्यात कडोली, येळ्ळूर, उचगावला साहित्य संमेलनं भरतात. मराठीत संशोधन करणाऱ्यानं तिथं जायचं नाही तर कुणी जायचं? गेलं की 'यांना वेळ आहे बघा.' न गेलं की 'शिकलेली माणसं गावाच्या कार्यक्रमाला येत नाहीत.' आठवड्यातली एक संध्याकाळ गाण्याला दिली म्हणून कुणाचा प्रबंध अडलेला नाही. अडतो तो कपाटात.

सोमवारपर्यंत म्हणे! मसुदा मान्य झाला तरी बाइंडिंगवाला सणात दुकान उघडणार आहे का? रेक्झिनचं कव्हर, सोनेरी अक्षरं, याला त्याला दोन दिवस तरी लागतात, आणि कव्हरवर नाव चुकलं तर पुन्हा दोन. तारीख द्यायची तर तीन आठवडे आधी द्या, आणि तुम्ही मसुदा वाचून परत कधी देणार ती तारीखही त्याच निरोपात लिहा. या वेळी ग्रुपवर अंगठा न दाखवता एवढंच लिहायचं, सगळ्यांनी, आपापल्या नावानिशी.