शिष्यवृत्ती टक्क्यांवर नाही, प्रवेश कुठून झाला त्यावर ठरते

बारावी-सीईटीचे निकाल लागले की कोल्हापुरातल्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचा मथितार्थ असा: सरकारी शिष्यवृत्ती नव्वद टक्केवाल्यांनाच मिळते, तीही सरकारी कॉलेजात, मुलींना मात्र कुठेही, कसाही प्रवेश घेतला तरी फी माफ, आणि एकदा मंजूर झाली की पुढची वर्षं बघायला नको. यातलं एकही विधान खरं नाही. हे वाचून कागल-राधानगरीकडची हुशार पोरं फॉर्म भरायच्या आधीच माघार घेतात, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

नव्वद टक्क्यांचा घोळ बहुधा नावामुळे होतो. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाच्या दोन वेगळ्या योजनांची गल्लत होते. गुणवत्ता शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. तिला दहावीत ७५ टक्के लागतात आणि महिन्याला ३०० रुपये मिळतात. इंजिनिअरिंग, फार्मसीसारख्या कोर्सच्या फीसाठी आहे ती शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती. तिला टक्क्यांची अशी रेघ नाही. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत, महाराष्ट्राचा रहिवास, एका घरातल्या दोनच मुलांना लाभ, आणि प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून. गुणवत्तेचा कस कॅपमध्येच लागतो. साठ-पासष्ट टक्क्यांच्या मुलाला तिथून जागा मिळाली, तर तोही पात्र ठरतो.

‘फक्त सरकारी कॉलेज’ हेही खोटं. विनाअनुदानित खाजगी कॉलेजातली कॅपची जागा चालते. चालत नाहीत ती अभिमत (डीम्ड) विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित खाजगी विद्यापीठं. पाटीवर विद्यापीठ लिहिलंय की कॉलेज, हे म्हणूनच नीट बघावं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान मुलींबद्दलच्या ओळीने होतं. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची सवलत ५० वरून १०० टक्के झाली. निर्णय मोलाचा आहे, त्यात वाद नाही. पण ही माफी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची आहे. हॉस्टेल, मेस, डेव्हलपमेंट फी त्यात येत नाही. उत्पन्नाची आणि कॅपची अट मुलींनाही आहेच. मॅनेजमेंट कोट्यातून किंवा संस्था स्तरावर, म्हणजे कॅपबाहेर थेट कॉलेजकडून घेतलेली जागा बाहेर राहते, मग मुलीला कितीही मार्क असोत. ‘आत्ता जागा धरा, शिष्यवृत्ती नंतर बघू’ असं काउंटरवर ऐकून आई-बाप पैसे भरून टाकतात, आणि अर्ज भरायला बसल्यावर त्यांना कळतं की पोरीच्या प्रवेशाचा प्रकारच बसत नाही. तोवर तिला कॅपमधून मिळणारी दुसऱ्या कॉलेजातली जागा गेलेली असते. घराचं चार वर्षांचं गणित कोलमडतं, आणि दोष त्या मुलीचा नसतो.

‘एकदा मंजूर की झालं’ याबद्दल एवढंच: महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी नूतनीकरणाचा अर्ज भरावा लागतो.

मेसेजमागची एक तक्रार मात्र खरी आहे. सरकारकडून पैसे उशिरा येतात आणि काही ठिकाणी पात्र विद्यार्थ्यांकडूनही आधी पूर्ण फी मागितली जाते. त्यावर समाजकल्याण किंवा तंत्रशिक्षण विभागाकडे लेखी तक्रार करा, पण त्यासाठी अर्ज सोडू नका. उत्पन्नाच्या आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी निकालाची वाट न बघता सेतू केंद्रात (सरकारी दाखले मिळतात तिथे) जा. फी भरायच्या आधी अलॉटमेंट लेटर मागा आणि जागा कॅप राउंडची आहे की संस्था स्तरावरची, हे त्यावर वाचा.