एनआरव्ही लावला म्हणून हौदातलं पाणी मागे जायचं थांबेलच असं नाही

सोलापुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: ‘नळाचं पाणी एकाच दिशेनं वाहतं, उलटं जात नाही. नळी हौदाच्या तळापर्यंत सोडा, आवाज होत नाही आणि पाणी जास्त मिळतं. शंका असेल तर एक एनआरव्ही (पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारी झडप) बसवा. बाकी महापालिका क्लोरीन टाकतेच.’ यातली जास्त पाण्याची गोष्ट थोडीफार खरी आहे, आणि नेमकी तीच घात करते.

पहिलं, दिशेचं. पाणी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातं, मग ती बाजू हौदाची असो की रस्त्याची. लाइन कायम भरलेली असेल तर हा प्रश्न क्वचित येतो. आपल्याकडे नळ काही दिवसांनी येतो आणि काही तासांत जातो. वरचा व्हॉल्व्ह बंद झाला की लाइनीत उरलेलं पाणी उताराकडच्या घरांत उतरतं आणि चढावरच्या लाइनीत पोकळी होते. त्यात कुणी नळाला थेट मोटार लावली असेल तर ओढ आणखी वाढते. सोलापूरच्या उंचीवर हवेचा दाब पाण्याचा पावणेदहा मीटर उंच स्तंभ पेलतो. त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढी पोकळीसुद्धा तळमजल्यावरची बादली मागे ओढायला पुरते. खात्री करायची तर नळ गेल्यावर तोटी उघडी ठेवून तिचं तोंड पाण्यानं भरलेल्या पेल्यात बुडवा. पेल्यातलं पाणी कमी झालं, तर तुमच्या लाइनीला उलट ओढ आहे.

१९६९ साली अमेरिकेतल्या होली क्रॉस कॉलेजच्या फुटबॉल संघात कावीळ पसरली आणि दोन सामन्यांनंतर हंगाम सोडून द्यावा लागला. जवळपास आग लागली होती, बंबांनी पाणी खेचल्यानं लाइनीतला दाब पडला आणि मैदानातल्या एका खड्ड्यातलं दूषित पाणी पिण्याच्या लाइनीत शिरलं. तिथे दाब एकदा पडला. आपल्याकडे तो दर पाळीला पडतो.

आता तळापर्यंत सोडलेली नळी. हौद रिकामा असताना तिच्यामुळे पाणी खरंच जोरात येतं. दीड मीटर खोल हौदात नळी खाली नेली की तेवढा जादा उतार मिळतो, आणि कमी दाबाच्या भागात तो जाणवतो. पण हौद भरत जातो तसा हा फायदा घटतो, कारण नळीचं तोंड पाण्याखाली गेल्यावर उतार पाण्याच्या पातळीपासून मोजायचा. नळ गेल्यावर मात्र नळी भरलेलीच राहते, म्हणजे सायफन तयारच असतो. रस्त्यातली लाइन मीटरभर खोल असेल आणि हौदातलं पाणी जमिनीखाली अर्ध्या मीटरवर असेल, तर रस्त्याची लाइन रिकामी होताच हौदातलं पाणी नळीतून चढून तिच्यात उतरतं. हौदात झुरळ, पाल, झिरपलेलं गटाराचं पाणी जे काही असेल, ते पुढच्या पाळीला शेजाऱ्यांच्या नळाला. पूर्व भागातल्या डाईंगच्या (सूत-कापड रंगवायच्या) कारखान्याच्या हौदात अशीच नळी बुडालेली असेल, तर रंग आणि सोडाही याच वाटेनं जाईल.

उपाय स्वस्त आहे: हवेची मोकळी जागा. हौदाच्या ओव्हरफ्लोची पातळी आणि पाणी आणणाऱ्या पाइपचं तोंड यांत पाइपच्या व्यासाच्या दुप्पट अंतर ठेवा, आणि ते २५ मिमीच्या खाली कधीच नको. अर्ध्या इंची, म्हणजे १५ मिमीच्या पाइपला ३० मिमी. पाइप भिंतीला लागून असेल तर तिप्पट. ओव्हरफ्लोचा पाइप आवक पाइपपेक्षा मोठा हवा, किमान २५ मिमी, तोंडाला जाळी. नाहीतर बॉल कॉक (हौद भरला की पाणी बंद करणारी तरंगत्या गोळ्याची तोटी) गळायला लागला की पाणी चढून ही जागाच बुडते. आवाज नको म्हणून खाली पाइप जोडून त्याला वरच्या बाजूला भोक पाडतात. काही नसण्यापेक्षा बरं, पण क्षारांनी ते भोक बुजतं.

एनआरव्हीबद्दल. तुमच्या लाइनीवरचा एनआरव्ही चालू असला, तर तुमच्या हौदातलं पाणी रस्त्याकडे जाऊ देत नाही. म्हणजे तो शेजाऱ्यांना तुमच्यापासून वाचवतो, तुम्हाला शेजाऱ्यांपासून नाही. लाइन गटारातून गेलेली असेल आणि जोड गळका असेल, तर मोटार लावताच घाण आत ओढली जाते आणि एनआरव्हीतून सरळ दिशेनंच घरात येते. शिवाय वाळूचा एखादा कण किंवा क्षाराची पापडी झडपेखाली अडकली की ती पूर्ण मिटत नाही, आणि हे बाहेरून कळत नाही. जिथे रसायनं वापरात आहेत तिथे दोन झडपा आणि मधे आपोआप उघडणारी निचरा-झडप असलेला संच लागतो. गळती झाली तर त्यातून पाणी बाहेर सांडतं, म्हणून दोष डोळ्यांना दिसतो.

बोअर आणि नळ एकाच पाइपात जोडून मधे बॉल व्हॉल्व्ह ठेवणं तर त्याहून वाईट. बोअरच्या मोटारीचा दाब नळाच्या दाबापेक्षा सहज कितीतरी जास्त असतो. व्हॉल्व्ह जरासा झिजला की बोअरचं पाणी थेट गावाच्या लाइनीत. नळ गेलेला असताना मीटरजवळचा युनियन (पाइपचा उघडता येणारा जोड) सोडा, बोअर चालू करा. घराच्या बाजूनं पाणी आलं तर जोडणी आहे. मधला टी (तीन तोंडांचा जोड) काढून दोन्ही पाइप टाकीत वेगवेगळे, वरून सोडा.

क्लोरीनचं म्हणाल, तर भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरला ०.२ मिलीग्रॅम उरलेला क्लोरीन पुरेसा धरतात. एवढासा क्लोरीन गटाराच्या पाण्यातल्या सेंद्रिय घाणीत पटकन संपतो. रंग आणि क्षार त्यानं जात नाहीत, उकळूनही नाहीत.

घाण पाणी हौदात आलंच, तर हौद उपसून घासा. मग १००० लिटर पाण्याला २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर (२५ टक्के क्लोरीनची) बादलीत कालवून गाळ बसू द्या, वरची निवळी हौदात ओता. घरातल्या सगळ्या तोट्या क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा आणि बंद करा. २४ तासांनी हे पाणी काढून टाका. ते प्यायचं नाही, झाडांनाही घालायचं नाही.