कर भरतो कोण?

'लाडकी बहीण' योजनेचा विषय निघाला की आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक वाक्य ठरलेलं असतं : "आमच्या टॅक्सच्या पैशांवर चाललंय सगळं." लिहिणारे बहुतेक पगारदार, टीडीएस कापून जाणारे. त्यांची चीड मला कळते. पण दीड हजार रुपये घेणारी बाई कर भरतच नाही, हे त्यामागचं गृहीतक साफ चूक आहे. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या सफक परगण्यात पाचशे वर्षांपूर्वी झालेला एक उठाव मला त्यासाठी फार महत्त्वाचा वाटतो.

फेब्रुवारी 1525. पाव्हियाच्या लढाईत फ्रान्सचा राजा कैद झाला आणि इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीला फ्रान्सवर चालून जायची घाई झाली. खजिन्यात खडखडाट. 1522-23 मध्ये प्रजेकडून सक्तीने घेतलेलं कर्जही फेडलेलं नव्हतं. तरी त्याचा मुख्य मंत्री कार्डिनल वुल्झी याने पार्लमेंटला न विचारता नवी वसुली काढली आणि तिला 'ॲमिकेबल ग्रँट', म्हणजे राजाला राजीखुशीने द्यायची देणगी, असं नाव दिलं. धर्मगुरूंकडून एक तृतीयांशापर्यंत, इतरांकडून एक षष्ठांशापर्यंत! लंडनकरांनी आधीचा राजा तिसरा रिचर्ड याच्या वेळचा कायदाच पुढे केला. असल्या 'देणग्यां'वर त्याने बंदी घातली होती.

सफकमधलं लॅव्हनहॅम हे तेव्हा लोकरी कापडाचं श्रीमंत गाव. तिथल्या व्यापाऱ्यांनी रक्कम कबूल केली आणि पिंजणाऱ्या, कातणाऱ्या, विणणाऱ्या माणसांना सांगून टाकलं, आता तुम्हाला द्यायला पैसे नाहीत. मागणी व्यापाऱ्यांकडे, चूल विझली विणकरांची. आसपासच्या गावांतून सुमारे 4000 माणसं जमली. तुमचा म्होरक्या कोण, असं राजाच्या बाजूने आलेल्या नॉरफकच्या ड्यूकने विचारलं, तेव्हा जॉन ग्रीन नावाच्या माणसाने 'दारिद्र्य' असं उत्तर दिल्याचं बखरकार एडवर्ड हॉलने लिहून ठेवलंय. हेन्रीने वसुली मागे घेतली, पुढाऱ्यांना माफ केलं. (1497 मध्ये स्कॉटलंडच्या लढाईसाठीच्या कराविरुद्ध लंडनपर्यंत चालत आलेल्या कॉर्नवॉलकरांच्या नशिबी हे नव्हतं. त्यांचे पुढारी, लोहार मायकेल जोसेफ आणि वकील थॉमस फ्लॅमँक, फासावर गेले.)

आपल्याकडेही कराचा भार असा न दिसता पडतो : धुणीभांडी करणारी बाई साबण घेते, चप्पल घेते, मोबाइलचं रिचार्ज मारते, तेव्हा दरवेळी जीएसटी भरते. फॉर्म 16 नसतो, एवढंच. इथे इंग्लंडमध्येही वेगळं नाही. बहुतेक वस्तूंवर 20 टक्के व्हॅट सगळेच देतात, तरी सरकारी भत्त्यांवर जगणाऱ्यांना 'करदात्यांच्या पैशांवर' जगणारे म्हणून हिणवलं जातं. एक गोष्ट मात्र इथली मला आवडते : कौन्सिल टॅक्सच्या (इथल्या घरपट्टीच्या) बिलावर परगण्याला किती, पोलिसांना किती, हे वेगवेगळं छापलेलं असतं.

योजनेवर टीका जरूर करावी. निवडणुकीच्या तोंडावर ती का आली, पैसा कोणत्या खात्यातून वळवला, कर्ज किती वाढलं, हे आमदारांना विचारावं. आणि हे विचारणाऱ्यांत त्या बाईलाही धरावं, कारण पैसा तिचाही आहे.