हिपहॉप अमेरिकन कंपन्यांनी जगावर लादलं? नाही हो

व्हॉट्सॲपवर परत तो मेसेज फिरतोय, की हिपहॉप म्हणजे अमेरिकन कंपन्यांनी जगाच्या गळ्यात मारलेला माल, त्यात बंदुका, पैसा, शिव्या सोडून काही नाही आणि त्याच्यामुळे देशोदेशीच्या भाषा मेल्या. चांगली शिकलेली माणसं पण हे फॉरवर्ड करतायत म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी कंपन्यांचं बघू. 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कचं ब्राँक्स, 1520 सेजविक ॲव्हेन्यू नावाची बिल्डिंग, तिथल्या हॉलमध्ये सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून पार्टी ठेवली, मुलींना तिकीट 25 सेंट, मुलांना 50. रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. हा जन्माने जमैकाचा, किंग्स्टनहून 12 वर्षांचा असताना आलेला, आणि रस्त्यावर मोठाले स्पीकर लावून माइकवरून गाण्यावर बोलायची पद्धत तिकडे आधीपासून होतीच. हर्कच्या लक्षात आलं की गाण्यात गायक थांबून नुसते ड्रम वाजतात तेव्हा पब्लिक सगळ्यात जास्त नाचतं, पण तो तुकडा काही सेकंदात संपतो. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन कॉप्या दोन टर्नटेबलवर लावायला सुरुवात केली, एकीवरचा तुकडा संपला की दुसरीवर तोच चालू, तोवर पहिली मागे फिरवून ठेवायची, असं पाहिजे तेवढा वेळ. हिपहॉपचा पाया हा आहे. यात कंपनी कुठाय? रॅपची, म्हणजे हिपहॉपमध्ये ठेक्यावर यमक जुळवत बोलतात त्याची, रेकॉर्ड दुकानात यायला 1979 उजाडलं, आणि पहिलं मोठं हिट काढलं तेही न्यू जर्सीतल्या एका छोट्या कंपनीने, जी सिल्व्हिया रॉबिन्सन या बाईंनी नवऱ्यासोबत काढली होती. बड्या कंपन्या पैसा दिसल्यावर आल्या.

भाषा मेल्या म्हणे! फ्रान्सने कायदा केला, 1996 पासून रेडिओवर 40 टक्के गाणी फ्रेंच पाहिजेत, आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा कुणाला झाला तर फ्रेंच रॅपला, कारण पोरांना ऐकायची आणि फ्रेंचमध्ये असलेली गाणी तीच होती. ती लिहिणारे कोण, तर पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगलची राजधानी डकारमध्ये जन्मलेला एमसी सोलार, फ्रान्सच्याच मार्सेल शहरातला आयएएम ग्रुप, बरीचशी स्थलांतरितांची मुलं. आणि सेनेगलमध्ये जिथे शाळा-ऑफिसची भाषा फ्रेंच, तिथे रॅपर वोलोफमध्ये रॅप करतात, घरात आणि बाजारात बोलतात त्या भाषेत. मेली कुठली भाषा?

बंदुका आणि शिव्या? आहेत, बायकांबद्दल घाणेरडं लिहिलेलं पण भरपूर आहे, ते मला अजिबात पटत नाही आणि ते झाकायचं कारण नाही. पण "त्यात दुसरं काही नाही" हे साफ खोटं आहे. ट्युनिशियात एल जनराल नावाच्या 21 वर्षांच्या रॅपरने राष्ट्राध्यक्ष बेन अलीला उद्देशून जनतेच्या हालांवर गाणं केलं, जानेवारी 2011 मध्ये पोलिसांनी त्याला उचललं, आणि 14 जानेवारीला बेन अली देश सोडून पळाला. एका गाण्याने सरकार पडलं असं मी म्हणत नाही, पण लोक रस्त्यावर ते गाणं म्हणत होते. त्याच वर्षी सेनेगलमध्ये कर गी या ग्रुपच्या रॅपरनी पत्रकारांना सोबत घेऊन 'यान आ मार' आंदोलन उभं केलं, तरुणांना मतदार यादीत नाव घालायला लावलं, आणि 2012 ला तिसऱ्यांदा उभे राहिलेले अध्यक्ष अब्दुलाय वाद निवडणूक हरले.

राहिलं नकलेचं, मेसेजच्या शेवटी "आपली पोरं माकडासारखी नक्कल करतात" असंही आहे. सुरुवातीला सगळेच नक्कल करतात, गाणं शिकणारा कुठलाही माणूस घ्या. पण मुंबईच्या स्वदेशी ग्रुपने 2019 मध्ये आरेचं जंगल आणि वारली पाड्यांवर गाणं केलं, त्यात प्रकाश भोईर हे स्वतः आरेतले आदिवासी कार्यकर्ते आहेत, आणि त्याच ग्रुपचा एमसी मवाली मराठीत रॅप करतो. ब्राँक्समध्ये कुठली आलीय वारली?

आणि हो, अमेरिकन सरकारने रॅपर बाहेर पाठवले हे खरंय, परराष्ट्र खात्याचे तसे कार्यक्रम आहेत. पण ते 2000 नंतरचं, तोवर डकार आणि मार्सेलमधली पोरं दहा-पंधरा वर्षं आपापल्या भाषेत रॅप करत होती.