तेव्हाची वसई खेडं नव्हती

संत गोन्सालो गार्सिया यांचं जन्मस्थान वसई म्हणजे ‘शहरापासून दूर, खेड्यातली शांतता’ असं एका लेखात म्हटलंय, ते काही पटलं नाही. त्यांच्या वेळची वसई पोर्तुगीजांचं गजबजलेलं बंदर होतं. वडील पोर्तुगीज, आई इथली. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाकडे शिक्षण, जपानात व्यापार, पुढे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या धर्मसंघात जाऊन १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मरण. वसईच्या किल्ल्यातली ती छप्पर गेलेली चर्चं पाहिली की या प्रवासाचा अंदाज येतो. फक्त रविवारी जाऊ नका, प्री-वेडिंगवाल्यांचे रिफ्लेक्टर थेट वेदीच्या जागी उभे असतात!

निवांतपणाच हवा असेल तर वसईतल्याच गास गावात संत गोन्सालोंच्या नावाचं चर्च आहे, तिकडे वळा. माझं आजोळ त्याच बाजूचं. केळीच्या वाड्या थोड्याफार टिकून आहेत, पण कुंपणाला लागून इमारती चढतायत, हेही त्या लेखात लिहायला हवं होतं.