फिजिक्स, मराठी माध्यम आणि तो फॉरवर्ड

मंगळवारी रात्री साडेनऊला भाची ओट्याशी येऊन उभी राहिली. हातात फोन. म्हणाली, "मावशी, मी सायन्स सोडलं तर आई खूप रागावेल का गं?"

ही मुलगी सिन्नर तालुक्यातल्या गावातून आली आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, विज्ञानात पहिल्यापासून हुशार. यंदा अकरावीला नाशिकला प्रवेश घेतला आणि माझ्याकडे राहते. रोज सिटीलिंकच्या बसने कॉलेज रोडला जाते, संध्याकाळी क्लास करून परत येते. गेले दोन महिने इंग्रजी पुस्तकाशी तिची झटापट चालली आहे, पण सोडून देण्याची भाषा तिने कधी केली नव्हती. ती आली त्या मेसेजमुळे. तिच्या आत्याने काळजीपोटी घरच्या ग्रुपवर टाकलेला, वर 'अनेकदा फॉरवर्ड केलेला' अशी खूण असलेला मेसेज.

तुमच्याही ग्रुपवर तो आला असेल. नसेल तर थोडक्यात सांगते. एक, फिजिक्स हे जन्मजात डोक्याचं काम आहे, अमूर्त गोष्टी कळणारा मेंदू वेगळाच असतो. दोन, ज्यांचा 'उजवा मेंदू' चालतो त्यांना हा विषय कधीच येत नाही. तीन, मराठी माध्यमाच्या मुलांना अमूर्त संकल्पना समजत नाहीत, कारण मराठीत त्यासाठी शब्दच नाहीत. चार, म्हणून समजून घेण्याच्या नादी लागू नका, सूत्रं पाठ करा, सीईटीला तेवढंच लागतं. पाच, प्रॅक्टिकलमध्ये वेळ घालवू नका. शेवटी 'प्रत्येक पालकापर्यंत पोहोचवा'.

एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या फिजिक्स लॅबमध्ये मी २२ वर्षं सहायक म्हणून काम केलं. मी प्राध्यापक नाही. पण मुलांना एखादी गोष्ट कुठे अडते आणि कुठे सुटते, हे मी टेबलाच्या पलीकडून रोज पाहिलं आहे. त्यामुळे हा मेसेज वाचून मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण भाचीला लागला तो तोच.

मराठीत शब्द नाहीत? मग नववीच्या पुस्तकात ही पोर काय वाचत होती? बल, वस्तुमान, वजन, वेग, चाल, त्वरण, संवेग, जडत्व, कार्य, ऊर्जा. यातले कितीतरी शब्द तर अर्थ पोटात घेऊनच आले आहेत. वस्तुमान म्हणजे वस्तूचं मान, ती किती आहे त्याचं माप. 'अंग जड झालंय, उठवत नाही' हे आपण रोज म्हणतो, तिथून जडत्वाचा धागा धरता येतो. तो पुढे थोडा ताणावा लागतो, हे खरं. जडत्व म्हणजे फक्त हलायला नाखूष असणं नाही, थांबायलाही नाखूष असणं आहे. नाशिकच्या द्वारका चौकात बसने करकचून ब्रेक मारला की उभी माणसं पुढे जातात, ते हेच. एकदा हे बोलून दाखवलं की शब्द पक्का बसतो.

आणि इंग्रजीत हे शब्द आभाळातून पडले होते का? मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाला विद्युत अपघटनाच्या, म्हणजे वीज सोडून पदार्थाचे घटक सुटे करण्याच्या, प्रयोगांसाठी शब्द हवे होते, ते इंग्रजीत नव्हते. त्याने केंब्रिजच्या विल्यम ह्युएल या विद्वानाला पत्रं लिहिली आणि १८३४ मध्ये ग्रीकमधून घेतलेले ॲनोड, कॅथोड, आयन हे शब्द रूढ केले. म्हणजे इंग्रज मुलालाही ॲनोड कोणता आणि कॅथोड कोणता हे पाठच करावं लागतं. आपल्याकडे धनाग्र आणि ऋणाग्र म्हटलं की टोक कुठलं ते शब्दच सांगतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने १८४७ मध्ये ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध लिहिला, तेव्हा शीर्षकात त्याने 'क्राफ्ट' हा शब्द वापरला. त्याचा आजचा अर्थ बल. बल आणि ऊर्जा यांची शब्दांत फारकत व्हायची होती, तरी कल्पना उभी राहिली. शब्द मागाहून स्थिरावला.

चुंबकीय क्षेत्राचं उदाहरण घ्या. हवेत काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही, तरी तिथे 'क्षेत्र' आहे म्हणे. याहून अमूर्त काय असेल? पण शेत हा शब्द क्षेत्र या शब्दातूनच आलेला आहे, आणि ही मुलगी शेतकऱ्याची आहे. मी तिला विचारलं, "तुमच्या द्राक्षबागेत ड्रिप सोडल्यावर ओल कुठे किती असते?" म्हणाली, "ड्रीपरजवळ जास्त, सरीच्या मधे कमी." "आणि जिथे वेल नाही तिथे?" "तिथेही असेलच की काहीतरी. कमी, पण असेल." झालं. प्रत्येक जागेला एक किंमत आहे, तिथे कुणी ती शोषून घेणारं असो वा नसो. क्षेत्र म्हणजे तेच. फक्त चुंबकाच्या बाबतीत किमतीबरोबर दिशाही धरायची. मग कागदाखाली पट्टी चुंबक ठेवून लोहकीस भुरभुरला, कागदावर बोटाने दोन टिचक्या मारल्या, तेव्हा कीस वळून ओळीत बसला. या रेषांवर फॅरेडेने आयुष्यभर विचार केला. तो लोहाराचा मुलगा, शाळा थोडकी, चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधण्याच्या दुकानात उमेदवारीला लागला. गणित त्याला फारसं येत नव्हतं. त्याच्या रेषांना समीकरणांत बसवलं ते मॅक्सवेल या दुसऱ्या शास्त्रज्ञाने, नंतर. अमूर्त म्हणून आपण ज्याला घाबरतो ते असं किसातून आणि कागदातून वर आलेलं आहे.

त्या तिसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करते. मराठी माध्यमातून अकरावीला आलेल्या मुलाचे पहिले दोन-तीन महिने खरंच जड जातात. सर 'ॲक्सिलरेशन' म्हणतात, मूल मनात त्याचं त्वरण करतं, तोवर फळ्यावर पुढची ओळ आलेली असते. काही मराठी शब्दही मदतीला येत नाहीत. 'विभवांतर', म्हणजे व्होल्टेजमधला फरक, हा शब्द ऐकून कुणाच्याही डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. तिथे मी गच्चीवरची टाकी आणि खालचा नळ दाखवते. उंचीत फरक असतो म्हणून पाणी वाहतं. पण लगेच हेही सांगते की ही उपमा एका जागी तुटते. पाइप कापला तर पाणी बाहेर पडत राहतं, वायर कापली तर विद्युतधारा थांबते. उपमा कुठे तुटते ते सांगितलं नाही, तर मूल पुढच्या वर्षी तिथेच अडकतं. पण हा सगळा त्रास शब्दांच्या अदलाबदलीचा आहे. एक वही घालावी, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. दिवाळीपर्यंत फरक पडतो. याला 'समजत नाही' म्हणणं हा त्या मुलांवर अन्याय आहे. शिवाय त्यांच्याकडे एक भांडवल जास्त आहे. कल्पना त्यांनी आधी आपल्या भाषेत धरलेली असते.

पहिले दोन मुद्दे लवकर उरकते. त्या मेसेजमध्ये आइनस्टाईन गणितात नापास झाल्याचंही लिहिलंय, तेही 'जन्मजात डोकं' सांगणाऱ्या ओळीच्याच खाली. दोन्ही एकदम कसं खरं असेल? आणि ते खोटंच आहे. १८९५ मध्ये, सोळाव्या वर्षी, तो झुरिकच्या पॉलिटेक्निकच्या प्रवेश परीक्षेत अडला तो इतर विषयांमुळे. गणितात आणि भौतिकशास्त्रात त्याने चांगलं केलं होतं. उजव्या-डाव्या मेंदूचं म्हणाल, तर २०१३ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १०११ जणांच्या मेंदूंची चित्रं तपासली. काही कामं मेंदूच्या एका बाजूला जास्त चालतात, पण एखाद्या माणसाचा अख्खा उजवा किंवा अख्खा डावा मेंदूच जास्त चालतो असं त्यांना आढळलं नाही. उगाच मुलांवर शिक्के मारू नका.

आता चौथा मुद्दा, पाठांतराचा. इथेही थोडं कबूल करावंच लागेल. सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला मिनिटसुद्धा मिळत नाही. तिथे बसून सूत्र सिद्ध करत बसता येत नाही. सूत्रं तोंडावर हवीत, सराव हवा. यात वाद नाही. पण सूत्र पाठ असलं की उत्तर येतं, हे साफ चूक आहे.

त्या मंगळवारी रात्रीच मी टोपलीतलं एक लिंबू उचललं आणि सरळ वर उडवून झेललं. विचारलं, "हातातून सुटल्यावर वर जाताना लिंबावर कुठलं बल आहे?" म्हणाली, "हाताचा जोर, वरच्या दिशेने. आणि गुरुत्व, खाली." "हात तर इथे खाली राहिला, मग जोर कुठे आहे?" "लिंबात गेला ना, सोडताना." "आणि अगदी वर, जिथे क्षणभर थांबतं तिथे?" "तिथे दोन्ही सारखे. बल शून्य." मी म्हटलं, "बल शून्य असतं, तर थांबलेलं लिंबू तिथेच लटकून राहिलं असतं ना?" ती गप्प झाली. माझ्या हातातून लिंबू घेतलं, स्वतः वर उडवलं, झेललं. पुन्हा उडवलं. चार-पाच वेळा. मग हळूच म्हणाली, "म्हणजे वर जाताना पण फक्त खालीच ओढतंय? सगळा वेळ?"

हवेचा किरकोळ अडथळा सोडला तर हो, सगळा वेळ, तेवढंच. आणि या मुलीला v = u + at, म्हणजे नंतरचा वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × वेळ, हे व्यवस्थित पाठ होतं. पण सर्वोच्च बिंदूपाशी त्वरण, म्हणजे वेग बदलण्याचा दर, किती, असा प्रश्न आला असता तर तिने 'शून्य'वर खूण केली असती. वेग शून्य म्हणून त्वरणही शून्य. दोन्हींत फरक आहे हे कुठलंही सूत्र सांगत नाही, आणि नेमका हाच पर्याय परीक्षेत घातलेला असतो.

तिची चूक डोकं नसल्याची खूण आहे का? सोडताना हाताचा जोर वस्तूत शिरतो आणि तोच तिला पुढे नेतो, हे मत १४व्या शतकात पॅरिसच्या ज्यां ब्युरिदाँ या नावाजलेल्या विद्वानाने मांडलं होतं. तिथून न्यूटनच्या गतीचे नियम मांडणाऱ्या १६८७च्या ग्रंथापर्यंत यायला जगाला ३०० हून जास्त वर्षं लागली. सोळा वर्षांच्या मुलीला तिथे अडायला झालं, तर तिचं काही चुकलेलं नाही. तिला कुणीतरी तो प्रश्न विचारायला हवा होता, एवढंच.

आणि हे नुसतं माझं लिंबू नाही. अमेरिकेत १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवर एक प्रश्नसंच तयार झाला. आकडेमोड जवळजवळ नाहीच, लिंबासारखेच साधे प्रश्न. रिचर्ड हेक या प्राध्यापकाने ६२ अभ्यासक्रमांतल्या ६००० हून जास्त विद्यार्थ्यांचे शिकण्याआधीचे आणि नंतरचे निकाल एकत्र केले आणि १९९८ मध्ये छापले. सर फळ्यावर शिकवतात आणि मुलं उतरवून घेतात, अशा वर्गांत मुलांची जेवढी सुधारणा होणं शक्य होतं त्यातली सरासरी २३ टक्के झाली. जिथे मुलांना अंदाज करायला, एकमेकांशी वाद घालायला, हाताने करून बघायला लावलं, तिथे ४८ टक्के. दुप्पट. यात शाळेची मुलं होती, कॉलेजची होती, विद्यापीठाची होती. त्याच काळात हार्वर्डमध्ये एरिक माझूर या प्राध्यापकाने अशाच प्रश्नांचा संच मुलांना दिला, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंय तसं लिहू की मी एरवी विचार करते तसं? हार्वर्डची मुलगी! शिकलेलं एका कप्प्यात आणि खरं वाटणारं दुसऱ्या कप्प्यात. पाठांतर हेच करतं.

पाचवा मुद्दा प्रॅक्टिकलचा. माझ्या लॅबमध्ये दरवर्षी साधा दोलक, म्हणजे दोरीला टांगून झुलवायचा गोळा, मांडला जायचा. दरवर्षी अर्ध्याहून जास्त मुलं म्हणायची, पितळेचा गोळा जड, तो भरभर हलणार. एक मीटर लांबी, तीही गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची. २० आंदोलनं, स्टॉपवॉच. पितळेचा गोळा सुमारे ४० सेकंद. लाकडाचा गोळा सुमारे ४० सेकंद. मग चेहरे बघावेत. ज्यांना हे वेळ घालवणं वाटतं त्यांनी तो चेहरा कधी पाहिलेला नाही. तयार जर्नल उतरवून काढणारी मुलंही मी पाहिली आहेत, आणि पुढे त्याच प्रश्नाला तीच मुलं अडलेलीही पाहिली आहेत.

आत्याला मी बुधवारी फोन केला. त्या भल्या बाई आहेत, त्यांनी मेसेज लगेच काढला. पण त्यांनी तो आणखी दोन ग्रुपवर टाकला होता, आणि तिथून तो कुठे कुठे गेला असेल कोण जाणे. त्या ग्रुपवरही सोळा वर्षांची मुलं असतील, म्हणून हे एवढं लिहिलं.

काल रात्री भाचीने माळ्याच्या हुकाला दोरीने कुलूप बांधलं होतं. मीटरभर दोरी, २० आंदोलनं, ४० सेकंद. मग म्हणाली, "आता दोरी अर्धी करते मावशी, म्हणजे २० सेकंद होतील." केली. २८ झाले. पुन्हा मोजले, पुन्हा २८. मग ती वही घेऊन दिव्याखाली बसली, ते जेवायला हाक मारेपर्यंत उठली नाही.