तीन तारखा चुकवल्या की केस मिटत नाही, पकड वॉरंट निघतं

गेल्या महिन्यात पहाटे साडेपाचला अक्काचा फोन आला. "आरं, दारात पोलीस आलेत. ह्यांच्या नावाचं वॉरंट हाय म्हणायलेत." दाजी शेजारच्या गावी लग्नाला गेले होते म्हणून सापडले नाहीत. त्याच रात्री मी त्यांना एसटीत बसवलं आणि केस जिथं चालू आहे त्या पश्चिम महाराष्ट्रातल्या कोर्टाकडं निघालो.

दाजी ऊसतोड मुकादम, म्हणजे ऊसतोड मजुरांची टोळी नेणारे. दिवाळीच्या आगंमागं टोळी घेऊन पश्चिम महाराष्ट्रात जातात, पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की परततात. मागं एका हंगामात चार कोयते, म्हणजे तोडणीच्या चार जोड्या, उचल (आगाऊ रक्कम) घेऊन पळाले, दाजींकडं बाकी राहिली, आणि करारावेळी सही करून दिलेला कोरा चेक वाहतूकदारानं भरला. तो वटला नाही, केस झाली. जामीन घेतला, तारखा सुरू झाल्या. या हंगामात लागोपाठ तीन तारखा दाजी गेलेच नाहीत. का नाही गेलात, असं एसटीत विचारलं तर त्यांनी मोबाइल पुढं केला. टोळ्यांच्या ग्रुपवर आलेला मेसेज:

"नवीन कायदा लागू! आता आरोपीला तारखेला जायची गरज नाही. हजेरी माफीचा अर्ज पोस्टानं पाठवा, वकील लागत नाही. डॉक्टरचं सर्टिफिकेट लावलं की कोर्टाला नाही म्हणता येत नाही. व्हिडिओ कॉलवर हजेरी चालते. सलग तीन तारखा चुकल्या तर केस आपोआप बंद. वॉरंट सहा महिन्यांत रद्द. सर्व ग्रुपवर पाठवा."

मी अंबाजोगाईला वकिली करतो. सख्ख्या बहिणीचा नवरा मला एक फोन न करता या मेसेजवर विसंबला, कारण मेव्हण्याला देण्याघेण्याचं कसं सांगायचं, याची त्यांना लाज वाटली. हाच मेसेज नंतर धारूर, केज, वडवणीकडच्या तीन पक्षकारांनी मला दाखवला. म्हणून हे लिहितोय.

आधी सगळ्यात घातक ओळ: तीन तारखा चुकल्या की केस बंद. ही ओळ कुठून उगवली असेल ते मला कळतं. चेकच्या केससारख्या समन्स खटल्यात, म्हणजे कमी गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात, तारखेला *फिर्यादी* आला नाही तर मॅजिस्ट्रेट आरोपीला निर्दोष सोडू शकतात. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम २५६ होतं, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत २७९ आहे. त्यातही कोर्टाला वाटलं तर पुढची तारीख देता येते. कुणीतरी फिर्यादीच्या जागी आरोपी घातला, वर तीनचा आकडा जोडला आणि दिलं पाठवून.

आरोपी गैरहजर राहिला की काय होतं ते दाजींच्याच केसमध्ये बघा. शिपाई दारात येऊन तीनदा पुकारा करतो. कुणी येत नाही. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, ओळ पडते: आरोपी गैरहजर, वकील गैरहजर, अर्ज नाही. पहिल्या तारखेला कोर्टानं जामीनपात्र वॉरंट काढलं. टोळी उसाच्या फडात, घराला कुलूप, ते बजावलंच गेलं नाही. तिसऱ्या तारखेला अजामीनपात्र वॉरंट निघालं, आपल्याकडं ज्याला पकड वॉरंट म्हणतात ते. जातमुचलका, म्हणजे दाजींनी स्वतः लिहून दिलेलं हजर राहण्याचं बंधपत्र, जप्त झाला आणि जामीनदाराला कारणे दाखवा नोटीस गेली.

जामीनदार म्हणजे दाजींचा चुलतभाऊ. दोन एकर कोरडवाहू, त्याचाच सातबारा जोडलेला. त्याच्या आईनं ती नोटीस प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पदराखाली धरून माझ्याकडं आणली. "वकीलसाहेब, जमीन जाती का हो?" आजवर मला नावानं हाक मारणारी बाई त्या दिवशी मला साहेब म्हणाली. मी सांगितलं, जमीन लगेच जात नाही, पण बंधपत्राची पंधरा हजारांची रक्कम कोर्ट दंडासारखी वसूल करू शकतं. आपण सूट मागू. ज्यांनी हा मेसेज पुढं ढकलला त्यांच्यातल्या एकानं तरी या माउलीला तोंड दाखवावं.

आणखी एक. चेकची केस जामीनपात्र आहे, म्हणजे जामीन हा हक्क आहे. पण तारखेला हजर राहण्याची अट एकदा मोडली की त्याच केसमध्ये पुढच्या वेळी कोर्ट जामीन नाकारू शकतं. जामिनावर सुटून पुरेशा कारणाशिवाय हजर न राहणं हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. एका केसच्या दोन होतात.

वॉरंट सहा महिन्यांत रद्द? साफ खोटं. वॉरंट बजावलं जाईपर्यंत किंवा काढणारं कोर्ट ते रद्द करेपर्यंत जिवंत राहतं. जुनं कलम ७०, नवं ७२.

"नवीन कायदा" म्हणून मेसेजमध्ये जी हवा केलीय, तीही पोकळ आहे. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून आली. त्याआधी सुरू झालेले खटले जुन्याच संहितेनं चालतात, आणि दाजींची केस त्याआधीची. हजेरी माफीची तरतूद दोन्हीकडं जवळपास तीच: जुनं २०५ आणि ३१७, नवं २२८ आणि ३५५. उलट गंभीर गुन्ह्यात फरार घोषित झालेल्या आरोपीसाठी नव्या कलम ३५६ नं दोर आवळलाय. त्याच्या गैरहजेरीतच खटला चालवून निकाल देता येतो.

पोस्टानं अर्ज, वकिलाशिवाय: नाही चालत. कलम २०५ मध्ये आरोपीला वकिलामार्फत हजर राहायची परवानगी मिळते. वकीलच नसेल तर कुणामार्फत हजर राहणार? ३१७ लाही आरोपीतर्फे वकील हजर असावा लागतो. वकिलाला पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडं जा किंवा १५१०० वर फोन लावा. महिला, अनुसूचित जाती-जमाती, कमी उत्पन्नाचे लोक, यांना वकील फुकट मिळतो.

डॉक्टरच्या सर्टिफिकेटबद्दल जास्त लिहीत नाही. कोर्ट ते बघतं, पटलं तर त्या दिवसापुरती माफी देतं, नाही पटलं तर नाही. खोटं लावलंत तर डॉक्टरही अडकतो आणि तुम्हीही.

व्हिडिओची गोष्ट मात्र अर्धी खरी आहे, नाइलाजानं मान्य करतो. नव्या कलम ३५५ च्या स्पष्टीकरणात ऑडिओ-व्हिडिओ माध्यमातून लावलेली हजेरी ही प्रत्यक्ष हजेरीत धरलीय. पण ती कोर्टाच्या परवानगीनं, कोर्टाच्या यंत्रणेतून. फडातून शिपायाला व्हॉट्सॲप कॉल लावणं म्हणजे हजेरी नव्हे.

माझा खरा संताप वेगळाच आहे. दाजींसारख्या माणसाला सरळ मार्ग होता. २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेकची केस साधारणपणे चेक घेणाऱ्याचं खातं ज्या बँक शाखेत आहे तिथं चालते. म्हणून बीडच्या मुकादमाला एका तारखेपायी दोन रात्री एसटीत काढाव्या लागतात आणि टोळी वाऱ्यावर सोडावी लागते. नेमक्या अशाच अडचणीवर सुप्रीम कोर्टाचा २००१ चा निकाल आहे, भास्कर इंडस्ट्रीज विरुद्ध भिवानी डेनिम. तोही चेकच्याच केसमधला. कोर्टानं म्हटलं की आरोपी फार लांब राहतो, किंवा दुसरं सबळ कारण आहे, आणि त्याला बोलावण्यात त्याचे हाल जास्त नि उपयोग कमी, तर समन्स खटल्यात मॅजिस्ट्रेट त्याची हजेरी एखाद्या टप्प्यापुरती किंवा पूर्ण खटल्यापुरती माफ करू शकतात. आरोपाला आरोपीनं द्यायचं उत्तरही वकिलामार्फत घेता येतं. अटी अशा: खटल्यातला आरोपी मीच, ही ओळख नाकारणार नाही, माझ्या वतीनं वकील हजर राहील, माझ्या गैरहजेरीत साक्षीपुरावा घ्यायला हरकत नाही. ही सवलत विरळाच द्यावी, असंही त्याच निकालात आहे. आणि कोर्ट कुठल्याही टप्प्यावर परत बोलावू शकतं. बोलावलं की जायचं.

म्हणजे माफी मागावी लागते, तीही तारीख उलटायच्या आत. त्या एका दिवसापुरता अर्ज असेल तर पुकाऱ्याच्या वेळी वकील तो घेऊन उभा हवा. "आरोपी आजारी आहे" एवढं मोघम लिहू नका. ऊसतोडीचा करार, टोळीची यादी, कारखान्याच्या पाळीचा कागद, जे असेल ते जोडा. तारीख लक्षात राहत नसेल तर ई-कोर्टच्या ॲपवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे तुमच्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाका, पुढची तारीख दिसते. वकिलाकडून तो नंबर आजच मागून घ्या.

दाजींना मी स्वतः कोर्टापुढं उभं केलं. वॉरंट रद्द झालं, दोन हजार खर्च बसला, नवा जामीनदार द्यावा लागला. जुन्या जामीनदाराच्या सवलतीचा अर्ज प्रलंबित आहे. कलम २०५ चा अर्जही दिलाय, त्यावर समोरच्यांचं म्हणणं मागवलंय. त्यावर आदेश होईपर्यंत दाजी प्रत्येक तारखेला जाणार. येत्या तारखेच्या आदल्या रात्रीच्या एसटीचं तिकीट मी काढून ठेवलंय.